लॅपटॉपची खरखर आणि संजयचं ‘हं’

१२ जानेवारी, सोम.

लॅपटॉप खरखरायला लागला. सकाळपर्यंत ठीक होता. दुपारी पदूमामांची नवी फाइल लावली आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला चर्र. चर्र. जसं काही म्हातारा बोलतोय आणि मागे कुणीतरी फरसाणाची पिशवी चुरगाळत बसलंय. "मिठागरान उतरलो का..." आणि पुढचे शब्द गेलेच. मागे घेऊन ऐकलं. परत गेले. टाइप केलं: (अस्पष्ट).

संस्थेने खाडीकडच्या जुन्या आगरी लोकांच्या मुलाखती घेतल्यात, मी त्या ऐकून उतरवते. त्यातले पदूमामा माझे लाडके. आवाज एकदम खर्जातला, मडक्यात बोलल्यासारखा. गंमत म्हणजे मुलाखत घेणारी मुलगी बोलते तेव्हा सगळं स्वच्छ. मामांनी तोंड उघडलं की चर्र.

संजय कंपनीतून आल्यावर त्याला ऐकवलं. हातात चहाचा कप, मान वाकडी, डोळे मिटून नीट ऐकलंन.

"कसली खरखर?"

"ही काय. आत्ता आली बघ."

"काही नाही येत. मस्त क्लिअर आहे."

मस्त क्लिअर. आणि टीव्ही लावला. तोही केवढ्या मोठ्याने! माझा आवाज बुडवायलाच लावतो की काय.

१३ जाने., मंगळ.

ऋताला पुण्याला फोन. नोकरीला लागल्यापासून पोरगी कस्टमर केअरसारखी बोलते. "आई, पहिलं शांत हो. बंद करून चालू केलास?" केला. "अपडेट बघितलंस?" बघितलं. मग तिने तिथूनच माझी स्क्रीन ताब्यात घेतली. बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडताहेत, बंद होताहेत, आणि मी पाहुण्यासारखी हात बांधून खुर्चीत. आवाज सुधारायचं म्हणून कायकाय आत चालू असतं ते सगळं तिने बंद केलं. मग ड्रायव्हर काढून टाकते म्हणाली.

"अगं काढून? परत येईल ना?"

"येतो गं, आपोआप येतो."

आला. लावलं. स्वच्छ! मामा झऱ्यासारखे. सुटले म्हटलं एकदाची. चहा टाकला. चहा घेऊन बसले, आवाज जरा वाढवला, आणि चर्र.

परत फोन. मोबाइल स्पीकरला चिकटवून तिला ऐकवलं.

"मला काहीच येत नाहीये आई. एकदम नॉर्मल आहे."

बापलेक दोघंही एकच सांगतात.

१४ जाने., संक्रांत

सं.च्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हटलं.

"हं."

हे ‘हं’. गेली दोनेक वर्षं आमच्या घरात याच एका अक्षरावर संसार चाललाय. आज भाजी काय करू? हं. विजेचं बिल भरलंस का? हं. मी त्याच्याशी भांडत नाही, तोही माझ्याशी नाही. भांडायलाही बोलावं लागतं.

लिहूनच ठेवते. दिवाळीनंतर एकदा पोळ्या लाटताना स्वयंपाकघरातून विचारलं होतं त्याला. ऋता बोलावतेच आहे, माझं काम काय कुठूनही होतं. म्हटलं, "मी ऋताकडे जाऊन राहू का पुण्याला? काही महिने. बघू कसं वाटतं ते." तो सोफ्यावर, माझ्याकडे पाठ. मी लाटणं हातात धरून थांबले. किती थांबले कोण जाणे, तव्यावरची पोळी करपली.

"हं."

वळूनही बघितलं नाही. म्हणजे जा. लग्नाच्या बायकोला असं... जाऊ दे. तेव्हापासून मनात बॅग भरून ठेवलीय. फक्त कपडे घालायचे बाकी आहेत त्यात.

१६ जाने., शुक्र.

आज इअरफोनचा प्रयोग. गेल्या वर्षी कानात बुरशी झालेली, तेव्हा डॉक्टरांनी कानात काही घालायचं नाही म्हणून सांगितलेलं, मग सवयच गेली. ऋताचे जुने सापडले. पिन भोकात ढिली. हात लावला की चर्र, नाही लावला तरी चर्र. ते बाद.

मग मोबाइलवर गाणं लावलं. नाही खरखर. परत लावलं. आहे की काय? तिसऱ्यांदा कान लावून ऐकलं तर नक्की आहे असं वाटलं. एकदा भीती आत शिरली की कान तिच्याच बाजूने साक्ष देतात.

भीती कसली, ती इथे लिहायला हरकत नाही. माझे वडील, आप्पा, साधारण माझ्याच वयाला बहिरे झाले.

१८ जाने., रवि.

शहाडला जाऊन आले. दादा-वहिनी, आणि आप्पा गॅलरीत उन्हात. मिलमध्ये सांच्यांवर, म्हणजे कापडाच्या खडखडत्या मागांवर, जन्म गेला त्यांचा. आता आपण ओठ हलवायचे आणि त्यांनी अंदाजाने हसायचं. कानाचं मशीन कपाटात. "शिट्टी मारतं ते," म्हणतात.

जेवण झाल्यावर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आप्पा, तुम्हाला ऐकू यायचं बंद झालं ना, तेव्हा आधी काय झालं?"

"आधी?" म्हणाले. बराच वेळ नदीच्या बाजूला बघत बसले. "आधी तांदूळ पाखडल्यासारखं. कुणीतरी सूप घेऊन कानात बसलंय."

वहिनी हसली. दादाही. मी हसल्यासारखं केलं.

निघताना आप्पांनी माझा हात सोडला नाही. त्यांना कळलं असेल का, मी का विचारलं ते? नसेल. असेल.

१९ जाने., सोम.

संस्थेतून मानसीचा फोन. मी उतरवलेलं तीच तपासते. गोड मुलगी, रागावत नाही, म्हणून जास्त लागतं.

"ताई, या वेळी ‘अस्पष्ट’ फार झालेत. मामांची फाइल मी लावून बघितली, मला तर नीट कळतंय. तुमची तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं.

म्हणजे सं.ला ऐकू येत नाही, ऋताला नाही, मानसीला नाही. खरखर फक्त मला. सूप घेऊन बसलंय कुणीतरी.

माझ्याकडे डिग्री साधी, टायपिंग इतरांसारखंच. मला मिळतं ते काम कानांमुळे. कोणत्या गावची बोली, म्हाताऱ्याला दात आहेत की नाहीत, आवंढा कुठे गिळला, मला कळतं. हेच गेलं तर मी काय?

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. खोपटला, डेपोजवळ.

२१ जाने., बुध.

सं.ला सांगितलं. आज समोर बसून, ताटावर. "शुक्रवारी मला ठाण्याला जायचंय. कानाच्या डॉक्टरकडे."

माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"मी येतो."

"अरे, तुझी ड्यूटी?"

"सुट्टी टाकतो."

हा माणूस अंगात ताप घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढलेला आहे. शीळफाट्याला बस तासन्‌तास अडकते म्हणून शिव्या घालेल, पण प्रेस शॉपला, त्या पत्रे ठोकायच्या मशीनला, दांडी नाही. आणि आता म्हणतो येतो. काय समजायचं ते समजेना. भात वाढला.

२३ जाने., शुक्र.

लिहिते. सगळं क्रमाने.

डॉक्टरांनी कानात बघितलं. साफ. मग आतल्या खोलीत तपासणीला पाठवलं. तिथे काचेची एक केबिन, आतून भिंतींना गाद्या लावल्यासारखं. कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. आत इतकं शांत की स्वतःचा श्वास नको वाटायला लागला. टूं. दाबलं. टीं. दाबलं. मग असे आवाज की आहेत की नाहीत कळेना, मुंगीने शिट्टी मारावी तसे. दाबत गेले. घामाने बटण ओलं.

बाहेर आले तर बाई हसत होत्या. "तुमचे कान उत्तम आहेत. खोटं नाही सांगत, हेवा वाटावा असे आहेत."

मी तिथल्या खुर्चीत बसलेच.  

"मग ती खरखर?" लॅपटॉप पिशवीत नेला होता. काढला, मामांना लावलं.

बाईंनी हातच झटकला. "अहो, आहेच की खरखर! केवढी आहे! स्पीकर गेलाय तुमचा."

जगात दुसऱ्या कुणाला तरी ऐकू आली. त्या बाईला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. सं.कडे वळून म्हटलं, "बघ! होती ना?"

सं. दाराशी उभा. दोघींकडे आळीपाळीने बघतोय.

"कसली?" म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग हातातली फाइल सहज तोंडासमोर धरली आणि फाइलीमागून विचारलं, "कुठे राहता तुम्ही?"

सं.ने माझ्याकडे बघितलं. शाळेत उत्तर येत नसलं की पोरं शेजारच्याकडे बघतात, तसं.

"आलाच आहात तर तुम्हीही बसता का आत? लगेच होईल," बाई म्हणाल्या, आता फाइल खाली घेऊन.

बसला. काचेतून मला दिसत होता. मोठे हेडफोन, कपाळाला आठी, अंगठा बटणावर. बाई इकडे कळ दाबत होत्या, खुंटी फिरवत होत्या. पहिले काही आवाज झाले, अंगठा हलला. मग बाई दाबताहेत आणि अंगठा हलत नाहीये. परत. नाही. आणखी मोठा. नाही. तो इतका मन लावून ऐकत होता. कुठल्याही मिनिटाला काही येईल म्हणून डोळे मोठे करून वाट बघत होता. आवाज तर येऊन जात होता.

कागदावरची रेघ आधी सरळ चालते आणि मग मलंगगडाच्या कड्यासारखी खाली. दोन्ही कानांची तशीच. बाईंनी विचारलं, काम कुठे करता. प्रेस शॉप म्हणाला. कानात बोळे घालता का?

"असतात. पण ते घातले की माणसांचं काही ऐकू येत नाही."

बाईंनी समजावलं. आवाज येतो, पण बारीक, उंच आवाज गळून जातात. स, श, त, फ असले. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. स्पीकरची खरखर तसल्याच बारीक आवाजाची, म्हणून त्यांना नाही. मोबाइलवरून बारीक आवाज पोचतच नाहीत, म्हणून मुलीलाही नाही. मानसीने तर तिच्या मशीनवर ऐकलेलं, तिला कुठून येणार! इतकी साधी गोष्ट. मूर्ख मी.

"बायकांचे आवाज आधी जातात," बाई म्हणाल्या. "मिसेसचं बोलणं कळत नाही असं होतं का?"

सं. रिपोर्टची घडी घालत बसला. 

आप्पांचंही सांगितलं त्यांना. सांचे ना, म्हणाल्या. रक्तात नाही ते, मिलच्या खात्यात होतं.

२४ जाने., शनि.

काल नंतरचं लिहायचं राहिलं.

बाहेर पडून डेपोसमोर चहाच्या टपरीवर बाकावर बसलो. एसट्या आत-बाहेर. मी त्याच्या समोर सरकून बसले, तोंड दिसेल असं. बाईंनी सांगितलेलं.

चहा आल्यावर म्हणाला, "मला वाटलं तू हळू बोलायला लागलीस."

"मी?"

"ऋता पुण्याला गेली तेव्हापासून. तोंडातल्या तोंडात बोलतेस. मला वाटलं, पोरगी गेल्यावर हिला माझ्याशी बोलायचा कंटाळा आला. काय म्हणालीस, काय म्हणालीस, किती वेळा विचारणार? तू चिडायचीस. म्हणून मग हं म्हणायचं. हं म्हटलं की भागायचं."

 मी दोन वर्षं समजतेय याने तोंड फिरवलं, आणि हा समजतोय मी. एकाच घरात, एकाच टेबलावर.

मग धीर करून विचारलं. "मी तुला पुण्याला जाऊन राहायचं विचारलं होतं. दिवाळीनंतर. तू हं म्हणालास."

ग्लास तोंडाशीच थांबला. "पुण्याला? राहायला?"

"काही महिने."

"आणि मी हं म्हणालो?"

"हो."

विचार करत राहिला. खरंच आठवत होता. "पोळ्या करत होतीस का तेव्हा?"

"हो."

"मला वाटलं चटणी हवी का विचारतेस."

माझ्या नाकातून चहा आला. हसू थांबेना. टपरीवाला बघतोय, एक कंडक्टर बघतोय. दिवाळीपासून मी याची बायको नव्हते आणि याला वाटत होतं मी चटणी विचारली. हसता हसताच रडायला आलं, मग त्याने रुमाल काढून दिला. ग्रीसचा वास असलेला, नेहमीचा.

"चटणी वाढली होतीस," म्हणाला. "म्हणून वाटलं बरोबरच बोललो."

थोड्या वेळाने, "जायचंय का तुला?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. काल सकाळी विचारलं असतंस तर माहीत होतं.

२५ जाने., रवि.

लॅपटॉपचं ऑपरेशन. स्टेशनजवळच्या दुकानात, एक चुणचुणीत मुलगी चालवते. आधी तिने खर्जातला एक लांब आवाज सोडला, तोच हळूहळू वर नेला. खाली असताना चर्र, वर गेला की साफ. "सॉफ्टवेअर नाही आंटी, आतमध्ये काहीतरी आहे," म्हणाली, आणि उलटा करून स्क्रू काढले. सं. बाजूला उभा. हत्यारं दिसली की तो लहान होतो.

स्पीकरवर काळी बारीक भुकटी. झाडून जाईना, लोहचुंबक ना आत, घट्ट धरून बसलेली. तिने चिकटपट्टी दाबून उचलली. परत दाबली, परत उचलली. पट्टी उन्हाला धरली तर चमकली.

सं.ने बोटावर घेतली, चोळली. चेहरा बदलला त्याचा.

"हा आपला आहे," म्हणाला. "ग्राइंडिंगचा कीस. लोखंड."

रोज संध्याकाळी कंपनीची बॅग तो जेवणाच्या टेबलावर ठेवतो, माझ्या लॅपटॉपशेजारी. वर्षानुवर्षं. सांगून सांगून दमले होते, तेही ऐकू आलं नसेल.

"सॉरी हां," तो त्या मुलीला म्हणाला, जसा काही लॅपटॉप तिचाच आहे. ती हसली. "मला काय सॉरी, अंकल? आंटीला बोला."

मला सॉरी म्हणाला नाही. पण घरी आल्यावर बॅग दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवलीन. आणि तिथेच उभा राहून ती रुमालाने पुसत बसला.

डावा स्पीकर पुसून ठीक झाला. उजव्याचा पडदा फाटलाय, नवा यायचाय. तोवर एका बाजूने चालेल.

लावले मामा. "मिठागरान उतरलो का पायाला चिरा पराच्या, पुन हासाला कमी नव्हता." पाय फाटायचे, पण हसू कमी नव्हतं, हे होतं तिथे! अस्पष्ट म्हणून सोडून देणार होते मी हे.

२७ जाने., मंगळ.

मामांची फाइल पुन्हा पहिल्यापासून केली. एकही (अस्पष्ट) नाही. एकच जागा आहे, तिथे ते खरंच रडलेत. तिथे (थांबतात) असं लिहिलं. मानसीला पाठवली, स्पीकरचं सांगितलं. "ताई, घाबरवलंत मला!" म्हणाली.

ऋताला बाबांचं सांगितलं.  तिकडून रडकुंडीचा आवाज. "म्हणजे बाबा मला टाळत नव्हते? फोन घेतला की लगेच ‘घे, आईशी बोल’ म्हणायचे..."

नाही गं. त्यांना तुझं कळत नव्हतं.

"मला वाटलं पुण्याला आले म्हणून राग आहे."

म्हणजे तिलाही. घरात तिघंजण आणि तिघांनीही आपापल्या मनाने अर्थ लावलेले.

३१ जाने., शनि.

ठाण्याला जाऊन कानाची मशीनं लावून आलो. अजून आपली नाहीत, वापरून बघायला दिलीत. कानामागे, केसांत दिसतही नाहीत. बाईंनी लॅपटॉपला वायरने जोडून त्यांचा आवाज जुळवला.

रस्त्यावर आलो आणि सं. थांबला.

"काय वाजतंय हे?"

"काय?"

चार पावलं चालला. परत थांबला. खाली बघितलं. त्याच्याच चपलेखालची वाळू होती.

घरी आल्यावर तर विचारू नका. पंखा करकरतो, माहीत नव्हतं. प्लॅस्टिकची पिशवी केवढी ओरडते. खालच्या मजल्यावरची मुलगी पाढे म्हणते, ते गॅलरीत उभं राहून ऐकलंन. टीव्ही लावला आणि स्वतःच घाईघाईने कमी केला. "एवढ्या मोठ्याने लावायचो? आणि तू काही बोलली नाहीस?"

बोलले होते ना बाबा.

मी भाजी निवडत काहीतरी सांगत होते, बिल्डिंगच्या पाण्याचं. तो एकदम म्हणाला, "तुझा आवाज एवढा बारीक आहे?"

"आहे. का?"

"विसरलो होतो."

उठून आत गेले. मेथी घेऊनच गेले.

३ फेब्रुवारी, मंगळ.

सगळं सोनं नाही. भांडी वाजली की दचकतो. डोकं दुखतं म्हणतो, संध्याकाळी काढूनच ठेवतो. कंपनीत नेत नाही. "पोरं हसतील. म्हातारा झाला म्हणतील." बाई म्हणाल्यात सवयीला वेळ लागतो, आणि जे गेलंय ते मशीनने परत येत नाही, आहे ते सांभाळायचं. आप्पांचं कपाटातलं मशीन माझ्या डोळ्यांसमोर येतं.

मी बोलले. तो चिडला. मी चिडले. तो म्हणाला तू सारखी मागे लागतेस, मी म्हटलं दोन वर्षं मागे लागत होते ते तुला कळलंच कुठे, आता कळतंय तर ऐक. मग पुणं निघालं. "तुला जायचंच आहे, मशीन नुसतं निमित्त," म्हणाला. मी म्हटलं, एकदा तरी स्वच्छ सांग, जाऊ की नको?

"जा म्हणणार नाही. नको जाऊ असंही म्हणणार नाही. मी सांगितलं म्हणून राहिलीस तर आयुष्यभर ऐकवशील." मग थोडं थांबून, "आणि आता मला ऐकू येतं."

दोघांनाही एकदम हसू आलं. पण भांडण पूर्ण झालं, मध्ये सोडलं नाही. किती वर्षांनी! दोन्ही बाजूंनी शब्द. अंग हलकं झालं माझं. हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

६ फेब्रु., शुक्र.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कंपनीतल्या मशीनांपासून लांब बसवा, नाहीतर राहिलेलंही जाईल. कंपनीत स्टोअरला जागा आहे. शांत, एसी. पण सं.चं तोंड उतरलंय. लग्नाआधीपासून तो प्रेस शॉपला आहे. नवीन डाय, पत्र्याला आकार देणारी, बसवली की पहिला ठोका तोच मारणार, हा त्याचा मान. "स्टोअरला कोण असतं माहितीये? ज्यांना कुठे ठेवायचं कळत नाही ते."

मी काही समजावायला गेले नाही. मला कानांची भीती वाटलेली तेव्हा कुणी समजावलं असतं तर मला तरी पटलं असतं का? शेजारी बसून राहिले. त्याने हाताने हवेत दाखवलं, डाय कशी बसते, ठोका नीट बसला तर आवाज कसा येतो. "तो आवाज मला अजून येतो," म्हणाला. "तो छातीत येतो."

सोमवारी मॅनेजरला भेटणार आहे. काय सांगणार ते ठरलं नाहीये. स्टोअर मागणार, की नुसते चांगले बोळे मागून परत प्रेसवर जाणार.

८ फेब्रु., रवि.

ऋता आलेली, एका दिवसासाठी. बापलेक गॅलरीत तासभर. मी मुद्दाम गेले नाही. आतून ऐकू येत होतं सगळं, माझे कान काय, हेवा वाटावेत असे. तरी लिहिणार नाही. त्यांचं आहे ते.

जाताना मला म्हणाली, "आई, तुझी खोली तयार आहे. पण घाई नाहीये हां." पोरगी शहाणी झालीय. मी म्हटलं आठ दिवस येईन आधी. आठ दिवसच म्हटलं. पुढचं पुढे.

९ फेब्रु., सोम.

सं. सकाळी नेहमीच्या बसने गेला. डबा घेतला, रिपोर्टची फाइल घेतली. शर्ट इस्त्रीचा. दारात म्हणाला, "येतो." मी विचारलं, "ठरलं का?" जिन्यावरून हात हलवला. म्हणजे हो की नाही, कळलं नाही. आता कानांचा दोष नाही त्यात, माणूसच तसा.

दुपार झाली. मॅनेजरची भेट जेवणाआधी होती. फोन नाही. मी करणार नाही. एक नवीन मुलाखत आलीय, रेतीबंदरच्या आजीची, ती लावलीय पण लक्ष लागत नाही. मध्येच उठून खोली आवरली. त्याची मशीनं ठेवायची पांढरी डबी टीव्हीजवळ होती, नेहमीच्या जागी. म्हटलं, चला, नाहीच नेली.

पुसायला म्हणून उचलली. हलकी लागली. उघडून बघितलं.

आत काहीच नव्हतं.